सगळ्यांची ओळ

सव्वीस वर्षांत माझं एकही ड्रॉइंग कारखान्याच्या शॉपमधून चुकीचं म्हणून परत आलं नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी काही शोभा नाही, आणि निदान एवढी गोष्ट तरी माझ्या बाजूने आधी ऐकली जावी.

मी अच्युत खानझोडे. मूळचा नागपूरचा. भोपाळला एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होतो. राहायला कारखान्याच्याच टाउनशिपमध्ये. सकाळी भोंग्याबरोबर घराबाहेर पडायचं आणि संध्याकाळी भोंग्याबरोबर चहाला हजर व्हायचं. लोक म्हणत, अच्युतराव फार तापट. तापट वगैरे काही नाही, मला गचाळपणा खपत नाही इतकंच. नवी पोरं एक रेघ जाड, एक बारीक अशी काढून आणायची आणि वर म्हणायची, ‘सर, चल जाएगा’. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडायचो.

आमच्याकडे पहिला धडा असा, की जे एकदा काढलं ते पुन्हा काढायचं नाही. एखाद्या चकतीला बारा भोकं असली तर एक नीट काढायचं, बाकीच्यांच्या जागा दाखवायच्या आणि शेजारी लिहायचं, ‘बारा, सारखी’. एखादा भाग चार ठिकाणी येत असला तर एकदा काढून त्याला ‘क’ नाव द्यायचं, पुढे नुसतं ‘क प्रमाणे’. कागदावर तो वर आला काय आणि खाली आला काय, भाग तोच. हा धडा मी तीसेक पोरांना शिकवला आहे आणि तो मला झोपेतून उठवून विचारला तरी म्हणून दाखवीन.

सुधाकर मोहरील माझा मित्र. तोही नागपूरचा, आमच्या मागच्याच गल्लीत त्याचं क्वार्टर. तो फॅब्रिकेशन शॉपमध्ये फिटर होता. तिथे दिवसभर जाड पत्र्यांवर घण पडतात. आत शिरलं की माणूस बोलायचं सोडून देतो आणि हातवारे करायला लागतो. अशा ठिकाणी सुधाकरने अठरा वर्षं काढली, आणि हाच माणूस संध्याकाळी अंगणात उभा राहून व्हायोलिन वाजवायचा. त्याचे वडील नागपूरला पोलिस बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. बँडमास्तरकडून तो लहानपणी व्हायोलिन शिकला, हनुवटीखाली धरून, उभ्याने, आणि ती पाच रेघांवरच्या ठिपक्यांची विलायती लिपीही शिकला. आमच्या टाउनशिपात ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

कारखाना नवा होता तेव्हा इथे काही इंग्रज इंजिनिअर होते. त्यातल्या एकाच्या बंगल्यावर सुधाकर कूलर दुरुस्त करायला गेला. साहेबाने ग्रामोफोन लावला होता. सुधाकर पाना हातात धरून तसाच उभा राहिला. साहेबाने ती तबकडी त्याला दोनदा ऐकवली, आणि पुढे सामान बांधून निघताना त्या संगीताचं छापील पुस्तक त्याला देऊन टाकलं. पुस्तकात मोठा जाड भाग, त्यात सगळी वाद्यं एकाखाली एक, आणि सोबत एक पातळ भाग, त्यात फक्त एकट्या व्हायोलिनवाल्याचं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा इटालियन माणसाचं काम होतं. सुधाकरने पातळ भाग वाजवून वाजवून पार मऊ केला. जाड भाग त्याने कधी उघडला नाही. बँडमध्ये ज्याचं त्याच्यापुरतं असतं, दुसऱ्याच्या कागदात डोकावायची त्याला सवयच नव्हती.

एकोणीसशे ऐंशी साली मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात काहीतरी नवीन करायचं ठरलं. नाट्यगीतांना लोक कंटाळले नव्हते, पण वैजयंतीबाई कंटाळल्या होत्या, आणि मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. बाई नेहरू नगरात राहत, शाळेत गाणं शिकवत, हार्मोनियम फार चांगली वाजवत. त्यांनीच सुधाकरला म्हटलं, “तुमचं ते साहेबाचं होऊन जाऊ द्या.”

पहिली बैठक माझ्या घरी झाली. सुधाकर, वैजयंतीबाई, आणि त्यांच्याकडे गाणं शिकलेली, व्हायोलिन वाजवणारी जयंत आणि मीना ही भावंडं. सुधाकरने उभं राहून सुरुवातीचा भाग वाजवून दाखवला. ठणठणीत चाल होती. मध्ये कुठे दम घेणं नाही, लय हलत नाही, मींड नाही, लाडीगोडी नाही. मला ती आवडली. नीटनेटकी होती.

“ही सगळ्यांची ओळ,” सुधाकर म्हणाला. “सगळ्यांनी मिळून जोरात वाजवायची. मग सगळे एकदम हळू होतात, नुसता खालून आधार देतात, आणि एकटा व्हायोलिनवाला निघतो. हिंडतो, जिने चढतो, उतरतो. तो थकून कुठेतरी टेकला की पुन्हा सगळ्यांची ओळ. अशी ती ओळ एकूण चार वेळा. शेवटच्या वेळी ती पुन्हा अख्खी वाजते आणि संपतं.”

“आवाज हळूहळू वाढवायचा?” मीनाने विचारलं.

“नाही. मोठा म्हणजे मोठा, लहान म्हणजे लहान. मध्ये उतार नाही, पायरी आहे.”

“म्हणजे मुखडा आणि ताना,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “ताना घेऊन मुखड्यावर यायचं.”

“साधारण तसंच,” सुधाकर म्हणाला. त्या ‘साधारण’कडे आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही.

बाकी तिघांना विलायती लिपी येत नव्हती. त्यांच्यासाठी सारेगमात उतरवून घ्यायला हवं होतं. सुधाकरला शिफ्ट होती, म्हणून मी म्हटलं, मी उतरवतो. तीन संध्याकाळी बसून त्याने मला ती लिपी शिकवली. मला काही अवघड गेलं नाही. पाच रेघा, त्यांवर ठिपके, ठिपका जितका वर तितका सूर वर, उभ्या रेघांनी पाडलेली घरं. ड्रॉइंगच ते. फक्त तळाच्या ओळीखाली ६, ७, ५ असे बारीक आकडे होते, ते मी मापं समजून चाललो होतो. सुधाकर पोट धरून हसला. हार्मोनियमवाल्याने खालच्या सुरावर वरचे कुठले सूर दाबायचे त्याची ती खूण आहे, असं त्याने सांगितलं. वैजयंतीबाईंनी ते आकडे बघितले, दोन दिवस खटपट केली आणि डाव्या-उजव्या हाताचं सगळं गणित जमवून टाकलं. बाई हुशार होत्या.

आता मी कुठे माती खाल्ली ते ऐका. सगळ्यांची ओळ मी पहिल्यांदा सुरासुरासकट नीट उतरवली आणि तिला ‘क’ नाव दिलं. पुढे जाड पुस्तकात ती पुन्हा आली. तोच आकार, तेच ठिपके, त्याच उड्या, फक्त सगळंच्या सगळं चार पायऱ्या वर सरकलेलं. पहिली आठच घरं होती, बाकीची गाळली होती, तेसुद्धा मी बरोबर हेरलं आणि स्वतःवर खूश झालो. लिहिलं, ‘क प्रमाणे, पहिली आठ घरं’. तिसऱ्यांदा आली तेव्हा आणखी एक पायरी वर. लिहिलं, ‘क प्रमाणे’. सव्वीस वर्षांची सवय. वर काढलं काय, खाली काढलं काय, भाग तोच. ठिपका वर म्हणजे सूर वर, हे मला तीन संध्याकाळी शिकवलेलं होतं आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या इटालियन माणसाने केलं होतं ते असं: एकटा व्हायोलिनवाला पहिल्यांदा हिंडून पंचमावर टेकतो, म्हणून सगळे त्याला तिथेच जाऊन गाठतात आणि आपली ओळ पंचमालाच सा धरून वाजवतात. दुसऱ्यांदा तो धैवतावर उदास होऊन थांबतो, तर सगळे तिथे येतात. शेवटी, ओळ चौथ्यांदा येते तेव्हा, सगळे मिळून घरच्या सा वर परततात. माझ्या कागदात मात्र सगळे जागचे हललेच नव्हते. एकटा गेला तिकडे गेला, हे आपले दर वेळी घरच्या सा वरूनच सुरू.

ट्रेसिंग इतकी सुरेख झाली होती की ऑफिसात चेकरने ती हातात धरून विचारलं, हे कुठल्या मशीनचं. अमोनियाच्या छपाई मशीनवर चार प्रती काढल्या. गणपतीचं काम, कुणी काही बोललं नाही.

पहिल्या तालमीत सुरुवात झकास झाली. सुधाकर निघाला, जिने चढला, एकच लहानसा तुकडा दर वेळी एक पायरी खाली घेत घेत उतरला आणि पंचमावर येऊन टेकला. सगळ्यांनी ओळ उचलली आणि काहीतरी मोडल्यासारखं झालं. सुधाकरचा शेवटचा सूर अजून लांबत होता, तो एकीकडे आणि बाकीचे दुसरीकडे. तो थांबला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “पुन्हा.”

पुन्हा तेच. धैवतावर तर फारच वाईट झालं. जयंत म्हणाला, “काका, तुम्ही थोडे इधर-उधर होताय.” वैजयंतीबाईंनी त्याच्यावर डोळे वटारले, पण त्यांनाही तेच वाटत होतं. आमच्या कानांना मुखडा म्हणजे घरच्या सा वरच यायचा. बाकीचे तिघे येत होते. येत नव्हता तो एकटा सुधाकर.

त्याने जास्त वाद घातला नाही त्याला एक कारण होतं, आणि ते मला एकट्याला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी त्याने कान तपासून घेतले होते. त्या तपासणीचं कार्ड त्याने मला दाखवलं होतं. आलेख वाचणं माझं काम. डावीकडे, खालच्या सुरांकडे, रेघ सरळ होती, आणि उजवीकडे वरच्या सुरांकडे जाऊन ती एकदम खाली कोसळली होती. दोन्ही कानांची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जे गेलं ते परत येणार नाही, पण शॉप सोडलंत तर उरलेलं वाचेल. स्टोअरमध्ये बदली मागा. तोवर कानात कापूस घालत जा. सुधाकर मला म्हणाला होता, “नटबोल्ट मोजत बसू? अठरा वर्षं माझ्या हातचा पत्रा एका रेषेत बसतो. आणि मला तर सगळं ऐकू येतंय, यार.” बायकोलाही, मनोरमावहिनींनाही, त्याने अर्धवटच सांगितलं होतं.

आता तालमीत त्याला वाटलं, डॉक्टर खरं बोलला. कान गेले.

तिसऱ्या तालमीनंतर घरी जाताना तो मला म्हणाला, “अच्युत, तू उतरवलंस ते एकदा पुस्तकाशी ताडून बघशील? सहज.”

मला झोंबलं. “सुधाकर, माझं ड्रॉइंग आजवर परत आलेलं नाही,” मी म्हणालो. एवढंच म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो तो आवाज मला अजून आठवतो आणि स्वतःचीच लाज वाटते.

“हो रे, ते खरंच आहे,” तो म्हणाला. पुढे त्याने तो विषय काढला नाही.

चौथ्या तालमीनंतर त्याने स्टोअरच्या बदलीचा अर्ज दिला. वैजयंतीबाईंना म्हणाला, “जयंतला द्या माझा भाग. त्याचे कान तरुण आहेत.” बाई म्हणाल्या, “सुधाकरभाऊ, अजून पंधरा दिवस आहेत, घाई करू नका.” तो व्हायोलिन पुसत होता. ज्याला आपल्या हाताचा माज होता असा हा माणूस, त्याला इतकं लहान झालेलं बघून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी त्याच्यासाठी चिडलो, नशिबावर चिडलो, शॉपच्या आवाजावर चिडलो. सगळ्यांवर चिडून झालं, फक्त माझ्या कागदाकडे बघायचं राहिलं.

ते रविवारी दुपारी झालं. कार्यक्रमाच्या वेळी टांगायला एक मोठा फलक करावा, पहिली ओळ विलायती लिपीत रंगवावी, अशी माझी हौस. प्रमाण नीट यावं म्हणून डिव्हायडरने पुस्तकातली अंतरं घेत होतो. पहिल्या वेळच्या ठिपक्याचं तळाच्या रेघेपासून अंतर घेतलं. सहज दुसऱ्या वेळचं घेतलं. जुळेना. तिसऱ्याचं घेतलं. तेही वेगळं. मी डिव्हायडर हातात धरून बसून राहिलो. मग सुधाकरने शिकवलेलं सगळं एका दमात डोक्यात आलं.

माझी बायको नलिनी पोहे घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, “काय झालं? कारखाना बुडाला की काय?”

मी तिला सांगितलं. तिला संगीतातलं फारसं कळत नाही, पण हे लगेच कळलं.

“म्हणजे त्या बिचाऱ्याचे कान बरोबर होते.”

“या बाबतीत, हो.”

“मग उठा आणि जाऊन सांगा. मागच्या गल्लीतच तर आहे.”

“सांगतो,” मी म्हणालो. “आधी दुरुस्त तर करतो.”

दुरुस्त केलं. ‘क प्रमाणे’ सगळं खोडून ओळीची प्रत्येक फेरी सुरासुराने लिहिली, पंचमावरची, धैवतावरची, शेवटची घरची. सोमवारी प्रती काढल्या, मंगळवारी तालमीला वाटल्या. सायकलवरून जाताना मी मनाशी सांगण्याचं वाक्य तयार केलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये चौघं बसलेली बघितली आणि ते वाक्य गिळलं. म्हणालो, “जरा स्वच्छ काढलंय. जुने कागद द्या इकडे.”

वैजयंतीबाईंनी नव्या कागदावरून नजर फिरवली. “अच्युतराव, हे वेगळं दिसतंय.”

“आधीचं गिचमिड झालं होतं,” मी म्हणालो. माझ्या हातचं आणि गिचमिड. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हार्मोनियमचा भाता उघडला.

सुधाकर अर्ध्या मनाने उभा राहिला. निघाला, चढला, पायरी पायरीने उतरला, आणि पंचमावर टेकतो न टेकतो तोच सगळ्यांनी त्याला तिथे जाऊन गाठलं. अगदी त्याच्या बोटापाशी. त्याचा बो क्षणभर थबकला. मग तो पुढच्या हिंडण्यात असा घुसला की जयंतने मान वर करून बघितलं. धैवतावर सगळे त्याच्याबरोबर उदास झाले, आणि शेवटी घरच्या सा वर अख्खी ओळ कडाडली तेव्हा मीना हसायलाच लागली. सुधाकरने व्हायोलिन खाली घेतलं. त्याचे डोळे भरले होते. मलाही भरून आलं, आणि मी मनात म्हटलं, झालं ना सगळं ठीक, आता कशाला उकरायचं.

घरी जाताना तो लहान मुलासारखा बोलत होता. “मनोरमा रोज लसणाचं तेल कानात घालतेय. मी तिला वेड्यात काढत होतो. बघ, पंधरा दिवसांत फरक.”

“हं,” मी म्हणालो.

“डॉक्टरचं ते मशीनच बिघडलेलं असणार.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, उगाच त्याच्या हातापायांत कंप नको. नलिनी रोज विचारायची, सांगितलं का. मी रोज मूग गिळून बसायचो. चौथ्या दिवशी तिने विचारणं सोडलं आणि माझ्याशी बोलणंही बेताचंच ठेवलं.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी झाला. चार इमलीच्या सरकारी बंगल्यांतून दोन-तीन मोठे अधिकारी सहकुटुंब आले होते. लोकांना ते संगीत कितपत कळलं देव जाणे, पण चौथ्या वेळी ओळ परत आली तेव्हा ती त्यांना ओळखीची झाली होती आणि मागच्या रांगांत माना हलत होत्या. टाळ्या खूप झाल्या. मंडळाच्या सेक्रेटरींनी आभार मानताना माझं नाव घेतलं, सुबक लेखनाबद्दल. मी उठून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकर पेढे घेऊन घरी आला. व्हायोलिनची पेटीही बरोबर होती, तार बदलायला निघाला होता. नलिनीने त्याला पाणी दिलं.

“एक सांगायचं राहिलं,” तो म्हणाला. “शुक्रवारी मी स्टोअरचा अर्ज मागे घेतला. साहेब म्हणाले, नक्की ना, सोमवारी यादी निघते, मग तुमच्या जागी दुसऱ्याचं नाव जाईल आणि दोन वर्षं पुन्हा विचारू नका. मी म्हटलं, नक्की. कान ठणठणीत आहेत.”

नलिनी तांब्या हातात घेऊन दारात उभी होती. आत गेली नाही.

मी उठलो. कपाटातून जुने चार कागद काढले, जाड पुस्तक काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. “हे बघ,” मी म्हणालो. “तुझे कान चुकत नव्हते. मी चुकीचं उतरवलं होतं.” आणि दाखवलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, माझं ‘क प्रमाणे’. बोटाने ठिपक्यांची उंची दाखवली. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“म्हणजे तेल वगैरे काही नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“कान होते तसेच आहेत.”

“कार्डावर आहेत तसे.”

त्याने जुना कागद उलटा ठेवला. “तुला कधी कळलं?”

“मागच्याच्या मागच्या रविवारी.”

“दोन आठवडे.” तो हिशोब केल्यासारखा थांबला. “त्या मंगळवारपासून मी शॉपमध्ये कापूस घालत नाहीये, अच्युत.”

माफ कर म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून मला थांबवलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्यावर आयुष्यात इतकं शांतपणे कुणी रागावलेलं नाही.

“वैजयंतीबाईंना तू सांगायचं,” तो म्हणाला. “जयंतला आणि मीनालाही. मी नाही सांगणार.”

“सांगतो. आजच.”

त्याने पेटी उघडली, व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि सगळ्यात वरच्या तारेवर बोट ठेवून बो ओढला. “वाजतंय?”

“वाजतंय.”

बोट वर सरकवलं. “आता?”

“वाजतंय.”

आणखी वर. पट्टीच्या टोकाकडे, जिथे काल दुसऱ्या हिंडण्यात तो गेला होता आणि लोकांनी श्वास धरला होता. बो हळू, सरळ चालला होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “इथे मला काल काही आलं नाही. वाटलं, हॉलमध्ये गर्दी आहे, म्हणून. आत्ताही हनुवटीला नुसती थरथर लागतेय. नीट ऐकून सांग. तारच मुकी आहे का? वाजतंय?”

नाही म्हणावं असं माझ्या अगदी ओठावर आलं. तार बदलायला तो निघालाच होता. दारात नलिनी माझ्याकडे बघत होती. सूर खोलीत भरून राहिला होता, बारीक, स्वच्छ, कुठेही न फाटलेला.

“वाजतंय,” मी म्हणालो. “स्पष्ट वाजतंय.”

त्याने बो उचलला, व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर कापड घातलं आणि अर्ज लिहायला माझ्याकडे कोरा कागद मागितला.